फाल्गुनातला तबेला

महाशिवरात्र उलटली की पुढच्या एका रविवारी माझा दवाखाना बंद असतो. दारावर 'डॉक्टर आज भेटणार नाहीत' एवढीच पाटी लागते. डॉक्टर कुठे गेले आहेत, हे माझा कंपाउंडर कोणाला सांगत नाही. सांगितले तरी कोणाचा विश्वास बसणार नाही, ही त्याची भीती रास्त आहे. एम.डी. झालेला बालरोगतज्ज्ञ त्या दिवशी बीदरच्या जुन्या शहरातील एका तबेल्यात फावडे घेऊन लीद उपसत असतो. हे कळल्यावर माझ्या एका सर्जन मित्राने 'पेशंट एवढे कमी झाले का?' असे काळजीच्या सुरात विचारले होते. यंदा स्मरणिकेच्या संपादकांनी 'वैद्यकीय विषयच हवा असे नाही, काहीतरी अनुभवातले लिहा' असा आग्रह धरला, म्हणून त्या रविवारविषयी लिहितो आहे. विषय वैद्यकीय की अवैद्यकीय, हे वाचकांनी ठरवावे.

तबेला ज्यांचा आहे त्यांना मी चाचा म्हणतो. अरुंद गल्लीच्या टोकाला जांभ्या दगडाच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला त्यांचे राहते घर आणि वर पत्रे, असा हा तबेला आहे. टांगे होते तेव्हा येथे पाच घोडी बांधलेली असत. रिक्षा आल्या आणि टांगे गेले. आज दोन घोड्या आहेत आणि एक शिंगरू. थोरली घोडी नुकरी, म्हणजे केस पांढरेशुभ्र आणि खालची कातडी गुलाबी. नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, तेथील घोड्यांच्या बाजारातून चाचांनी ती आणली. लग्नसराईत ती वरातीला जाते. नवरदेव मराठा असो, लिंगायत असो की मुसलमान असो, घोडी हीच. उरलेले आठ महिने ती घरात बसून खाते, आणि ते खाणे कसे पुरवायचे हा चाचांच्या प्रपंचातला कायमचा प्रश्न आहे.

पंचांगातला वसंत चैत्रात सुरू होतो. आमच्या भागातला त्याआधीच येतो. भालकी-हुमनाबादच्या रस्त्यांवर पळस पेटलेला दिसतो, रब्बीची ज्वारी काढणीला येते, आणि दुपारच्या वाऱ्याला धग येऊ लागते. नव्या ज्वारीबरोबर नवा कडबा येतो. तो रचायला जागा हवी, म्हणजे जुना उपसायला हवा. पुढे पाडवा, म्हणजे इकडचा उगादी, झाला की वरातींची निमंत्रणे सुरू होतात. त्यामुळे तबेल्याची जी काही डागडुजी करायची ती या मधल्या दोन-तीन आठवड्यांतच करावी लागते. अलीकडे रमजानचा महिनाही याच सुमारास येतो. चाचांचे रोजे असतात, म्हणून आम्ही पहाटेच कामाला लागतो आणि ऊन डोक्यावर यायच्या आत अवजड काम उरकतो.

पहिले काम जमिनीचे. घोडीच्या ठाणावरचा मुरूम वर्षभर मूत्र पिऊन काळा पडलेला असतो. तो वीतभर खणून बाहेर काढायचा, खालची जमीन दोन दिवस वाऱ्याला मोकळी ठेवायची, मग आपल्या पठाराचा लाल मुरूम आणून टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचे आणि धुम्मसाने ठोकून घट्ट करायचे. मागच्या पायांकडे बोटभर उतार ठेवायचा. हा उतार चुकला तर पाणी खुरांखाली साचते आणि खुराचा तळवा सडू लागतो. पहिल्या वर्षी मी तबेल्यात उभा राहून 'आता वास येत नाही' असे म्हणालो, तेव्हा चाचांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवले. 'बैठ के देखो साब, घोड़ी बैठती कू नै क्या?' उकिडवा बसलो आणि अमोनियाने डोळ्यांत पाणी आले. आडव्या झालेल्या घोडीचे नाक आणि शिंगराचे नाक जेथे असते, त्या उंचीवरची हवा वेगळीच होती. रांगणाऱ्या मुलाच्या उंचीवरून आपले घर एकदा पाहा, असे मी आयांना वर्षानुवर्षे सांगत आलो होतो. तबेल्यात ते मला आठवले नव्हते.

त्यानंतर भिंतींना चुना. कळीचा चुना आदल्या रात्री पाण्यात विझवून ठेवतात. त्या वेळी गल्लीतली मुले हटकून भोवती जमतात आणि मी त्यांना हटकून हाकलतो. डोळ्यांत उडालेल्या चुन्याने बुबुळ पांढरे झालेली दोन मुले मी पाहिली आहेत. ज्यांनी पाहिली असतील त्यांना अधिक सांगायला नको. पत्र्यावर उसाचे पाचट पसरून वर जुन्या दोऱ्या आडव्या बांधतात, त्याने दुपारचा ताव बराच कमी होतो. भिंतीत वरच्या अंगाला असलेले झरोके, ज्यांत थंडीत पोती कोंबलेली असतात, ते मोकळे करायचे. पाण्याची दगडी डोणी घासायची. घोड्याला दिवसाला पंचवीस ते पन्नास लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवसांत त्याहूनही जास्त. डोणी शेवाळलेली असेल तर घोडी तोंड लावून मागे होते आणि तहानलेली राहते. लीद टाकायचा उकिरडा तबेल्यापासून दूर न्यायचा आणि तेथून आठवड्याच्या आत हलवायचा, कारण गरम दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

कडब्याचे काम मात्र चाचा दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. जुन्या गंजीतली प्रत्येक पेंढी ते सोडून, नाकाशी धरून पाहतात. बुरशीचा वास आला की ती पेंढी बाजूला. घोड्याला ओकता येत नाही, ही गोष्ट मी वैद्यकीय महाविद्यालयात कधी शिकलो नव्हतो. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की आत गेलेले वाईट अन्न उलट मार्गाने परत येत नाही. म्हणून बुरशीचा चारा किंवा चाऱ्यातला अचानक बदल म्हणजे पोटशूळ, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे कित्येकदा मरणच. नवा कडबा आला तरी तो पहिल्या दिवशी मूठभर, मग थोडा अधिक, असा आठ-दहा दिवसांत जुन्याची जागा घेतो. सहा महिन्यांच्या बाळाला वरचे अन्न सुरू करताना आपण आईला याहून वेगळे काय सांगतो?

चंदीचेही तसेच. भरडलेला हरभरा भिजवून तोबऱ्यात घालून देतात. चाचांच्या घरी थंडीत घोडीला थोडा गूळही मिळतो. या खाण्यापिण्याचे एक जुने वर्णन मला फार मागे वाचायला मिळाले होते, आणि ते आपल्याच गावाचे होते. अफनासी निकितीन नावाचा रशियातील त्वेर गावचा व्यापारी १४७० च्या आगेमागे एक घोडा विकायला घेऊन हिंदुस्थानात आला. चौलला उतरला, जुन्नरला पावसाळ्यात अडकला. तेथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो म्हणाला. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीने तो परत मिळाला. मग तो आपल्या बीदरला आला. तेव्हा ही बहमनी राजधानी होती आणि महमूद गवान वजीर होता. निकितीनने लिहून ठेवले आहे, की येथे घोड्यांना कडधान्य खायला घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून देतात. आळंदच्या शेख अलाउद्दीनच्या उरुसात दहा दिवस बाजार भरतो आणि तेथे वीस हजार घोडे विकायला येतात, अशीही त्याची नोंद आहे. आळंद म्हणजे आपले आळंद, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. समुद्रापलीकडून जहाजांत घालून आणलेले जनावर या हवेत आणि या चाऱ्यावर टिकवणे फार खर्चाचे काम होते. निकितीनने तो घोडा सुमारे वर्षभर पोसला, त्याच्या खर्चाचा आकडाही लिहून ठेवला, आणि अखेर बीदरमध्येच विकला. चाचांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, की विकून त्याला काही सुटले का.

मुरूम ठोकून झाला की चाचा एक काठी काढतात. काठीच्या टोकाला जुन्या लाउडस्पीकरमधले लोहचुंबक बांधलेले असते. ते तबेल्याच्या जमिनीवरून सावकाश फिरवायचे. नालाचे खिळे, तारेचे तुकडे, मोडकी सुई असे काहीबाही त्याला चिकटते आणि डब्यात जमा होते. नालबंद दर दीड-दोन महिन्यांनी येतो, तेव्हा कितीही काळजी घेतली तरी एखादा खिळा मागे राहतोच. हे चुंबक चाचांनी कधीपासून वापरायला घेतले, ते मला ठाऊक आहे. कारण त्या गोष्टीत मी आहे.

१९९७ सालची गोष्ट. एम.डी. होऊन मला फार दिवस झाले नव्हते. ज्या रुग्णालयात मी काम करीत होतो तेथे एका रात्री चाचा आणि त्यांची बहीण सात दिवसांचे बाळ घेऊन आले. बाळ आदल्या दिवसापर्यंत चांगले पीत होते. आता तोंडच उघडत नव्हते. मुठी आवळलेल्या, पाठ धनुष्यासारखी ताणलेली. दिवा लावला, दार वाजले, की अंगभर आचका. निदानाला पुस्तक उघडायची गरज नव्हती. बाळंतपण घरीच झाले होते, तबेल्याला लागून असलेल्या खोलीत. दाईने नाळ कापली होती, चुलीतली राख लावली होती. आम्ही प्रतिविष दिले, झटके थांबवायची औषधे दिली, खोली अंधारी केली, सगळ्यांना कुजबुजत बोलायला लावले. चौथ्या दिवशी पहाटे बाळ गेले.

चाचा व्हरांड्यात उभे होते. 'काहे से हुआ साब?' असे त्यांनी विचारले. मी थकलेला होतो, तरुण होतो आणि उत्तर मला येत होते. मी म्हणालो, 'घराला लागून तबेला आहे ना तुमच्या? घोड्याच्या लिदीत याचे जंतू असतात. तबेल्यामुळे झाले हे.' वाक्य शास्त्राला धरून होते. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत असतात, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. चाचा काही न बोलता निघून गेले.

दोन महिन्यांनी ते बाजारात भेटले. पाचांपैकी तीन घोडी त्यांनी विकली होती, मिळेल त्या भावाने. 'तुमे बोले ना साब,' एवढेच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. पुढे कळले, की घरात सूनबाईला कोणी दोष देत नव्हते. सगळा दोष चाचांनी स्वतःवर आणि जनावरांवर घेतला होता. दोन घोडी उरली होती ती केवळ गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे.

त्या रात्री घरी येऊन मी विचार करीत बसलो. जंतू लिदीत असतात हे खरे, पण ते अंगणातल्या मातीतही असतात, रस्त्यावरच्या धुळीतही असतात. बीजाणूच्या रूपात ते वर्षानुवर्षे टिकतात, आणि काही मिनिटे उकळलेल्या पाण्यालाही दाद देत नाहीत. पाचही घोडी विकून जमीन फरसबंद केली असती तरी त्या खोलीतले बीजाणू गेले नसते. बाळाला वाचवणारी गोष्ट एकच होती, आईच्या रक्तातून त्याला मिळणारे रक्षण. आणि आईला गरोदरपणी धनुर्वाताची एकही लस मिळालेली नव्हती. ती का मिळाली नाही, हे मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागाची जुनी वही काढली. बाळ जन्मण्याच्या दोन महिने आधी ही बाई आपल्या थोरल्या मुलीला खोकला झाला म्हणून घेऊन आली होती. अक्षर माझे होते. सातव्या महिन्याचे पोट घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी होती, मी मुलीची छाती तपासली, औषध लिहिले आणि पुढचा पेशंट बोलावला.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली, ती सांगताना आजही संकोच वाटतो. बाळाला आम्ही जे प्रतिविष टोचले, ती बाटली घोड्याच्या रक्तद्रवाची होती. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वाताचे आणि घटसर्पाचे प्रतिविष दाखवून दिले. १८९४ मध्ये रू यांनी बुडापेस्टच्या परिषदेत घोड्यापासून मिळवलेल्या घटसर्पाच्या प्रतिविषाचे निष्कर्ष मांडले, आणि तेव्हापासून बालरोगशास्त्र घोड्याच्या उपकारावर चालत आले. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतातून येणाऱ्या सर्पदंशाच्या मुलांना आजही जे औषध वाचवते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे, ते घोड्याच्याच रक्तापासून होते. मुंबईच्या हाफकिनने ते काम पिढ्यान्‌पिढ्या केले. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात दुधाची गाडी ओढून निवृत्त झालेला जिम नावाचा एक घोडा असेच घटसर्पाचे प्रतिविष देत असे. १९०१ मध्ये त्यालाच धनुर्वात झाला, दूषित रक्तद्रव नष्ट करण्याऐवजी वापरला गेला आणि तेरा मुले दगावली. औषधांच्या निर्मितीवर देखरेख ठेवणारा तेथला कायदा त्यातून १९०२ मध्ये झाला. तेथे कायदा करणाऱ्यांनी दोष घोड्याला न देता तपासणीतल्या हलगर्जीपणाला दिला. मी मात्र घोड्याचे औषध हातात धरून घोड्यालाच दोषी ठरवून मोकळा झालो होतो.

मी चाचांच्या घरी गेलो. माझे वाक्य चुकीचे होते, असे त्यांना सांगितले. वहीतली नोंदही सांगितली. हे बोलायला अर्धा तास लागला, कारण मध्ये मध्ये मी पुन्हा शास्त्रच सांगू लागत होतो. चाचांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, 'तो फिर तबेला साफ करना नक्को?' मला वाटते, 'नको' हा आपला शब्द दख्खनीने उचलला तो अशाच प्रश्नांसाठी. मी म्हणालो, करायचा, घोडीसाठी करायचा. मुलांसाठी लस द्यायची. दोन्ही कामे वेगळी आहेत. त्यांनी कोपऱ्यातले फावडे उचलून माझ्या हातात दिले. दिवस फाल्गुनाचे नव्हते, पण माझा पहिला रविवार तो.

सूनबाईला दुसऱ्या खेपेला लशीच्या दोन्ही मात्रा वेळेवर मिळाल्या, बाळंतपण दवाखान्यात झाले. १९९९ मध्ये मुलगा झाला. त्याचे लसीकरण मी स्वतः केले, दीड वर्षाचे आणि पाच वर्षांचे बूस्टर चुकू दिले नाहीत. २०१५ मध्ये माता आणि नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले, तेव्हा आपल्या मंडळींनी एकमेकांचे अभिनंदन केले होते. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. देवीसारखा हा रोग पृथ्वीवरून जाणार नाही, कारण तो माणसाकडून माणसाकडे येतच नाही. तो जमिनीत आहे. नव्या डॉक्टरांनी आवळलेल्या मुठींचे बाळ पाहिलेले नसते. त्यामुळे खोकल्याच्या मुलीसोबत आलेल्या गरोदर आईला विचारायचे राहून जाणे आज अधिक सोपे झाले आहे. माझ्या टेबलावर काचेखाली एक चिठ्ठी आहे, तिच्यावर फक्त 'आई?' असे लिहिले आहे. रुग्णांचे नातेवाईक तिचा अर्थ विचारतात, मी सांगत नाही.

१९९९ चा तो मुलगा आता वरातीत घोडीचा लगाम धरतो. चाचांची नजर अधू झाली आहे; चुंबकाची काठी तोच फिरवतो. त्याची बायको या वेळी सातव्या महिन्यात होती. मी पोहोचलो तेव्हा चाचांनी मला मुरूम दाखवायच्या आधी खिशातून तिचे कार्ड काढून दाखवले. पूर्वीच्या टीटीच्या जागी आता टीडी आली आहे; दोन्ही मात्रांच्या तारखा होत्या. मी कार्ड उलटसुलट करून पाहिले. चाचा म्हणाले, 'असली है साब.' मग त्यांनी विषय बदलून घोडीच्या वार्षिक धनुर्वात-लशीची आठवण पशुवैद्यांना करायची राहिली आहे, असे सांगितले. पाळीव जनावरांत या रोगाला सर्वांत हळवा घोडाच असतो, हे चाचांना माझ्याआधी माहीत होते. गल्लीतला एक दहा वर्षांचा पोरगा अनवाणी पायांनी पाट्या वाहत होता. त्याला मी टीडीबद्दल विचारले. त्याने पाटी तेथेच टाकली आणि तो पळाला. सोमवारी त्याच्या आईने त्याला कानाला धरून दवाखान्यात आणले.

दहा वाजेपर्यंत काम संपले. भिंती पांढऱ्या झाल्या, झरोके उघडले, डोणी भरली, नव्या कडब्याची गंजी विटांच्या थरावर रचून झाली. नुकरी घोडी आत आणली. तिने नवा मुरूम हुंगला, पुढच्या खुराने दोनदा उकरला, गुडघे टेकले आणि चारही पाय वर करून मनसोक्त लोळली. उठून अंग झाडले तेव्हा ताज्या चुन्याच्या भिंतीवर कंबरेइतक्या उंचीपर्यंत लाल शिंतोडे उडाले होते, आणि वरातीची पांढरी घोडी पार गेरूची झाली होती. चाचांनी डोळे बारीक करून भिंतीकडे पाहिले आणि चुन्याची बादली पायाने माझ्याकडे सरकवली.